एल-१बी सोडून एच-१बी घेताना: माझी नोकरी बदलेल, पण नवऱ्याच्या नोकरीचं काय?

रानजाई | ८ फेब्रुवारी २०२६

नमस्कार. तीन आठवडे मी आणि नवरा एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहोत. ओळखीत विचारावं तर जो तो आपापल्या अनुभवाचं सांगतो आणि आमचा गुंता तसाच राहतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या भारतातल्या ऑफिसमधून एल-१बीवर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) अमेरिकेत आले. ब्लँकेट एलवर (कंपनीच्या एकत्रित मंजुरीवर) स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, झालं होतं; आय-९४ (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) जानेवारी २०२७ पर्यंत आहे. काम आवडतं, पण कंपनीने ग्रीनकार्डचं काही करणार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. एल-१बीची कमाल मुदत पाच वर्षं, म्हणजे जानेवारी २०२९ ला आम्हाला सामान बांधायचं आहे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असेल.

आता दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आली आहे. काम माझ्याच क्षेत्रातलं, पगार बरा, आणि ग्रीनकार्ड सुरू करायला त्यांची तयारी आहे. ते मार्चमध्ये एच-१बीच्या (कुशल कामाचा व्हिसा) लॉटरीत, म्हणजे मर्यादित व्हिशांच्या सोडतीत, माझं नाव घालणार. नंबर लागला तर १ ऑक्टोबरपासून मी एच-१बीवर.

अडचण नवऱ्याच्या नोकरीची आहे. तो इथल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवतो. भारतात आठ वर्षं शिकवलं होतं, तरी इथे आल्यावर परवान्याच्या परीक्षा, कागदपत्रांचं मूल्यमापन, बदली शिक्षक म्हणून मिळतील ते तास, असं सगळं करत मागच्या ऑगस्टमध्ये त्याला स्वतःचा वर्ग मिळाला. एल-२वर, म्हणजे एल-१वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, जोडीदाराला थेट काम करता येतं म्हणून हे जमलं. मी एच-१बीवर गेले की तो एच-४वर जाणार, आणि एच-४वर काम करता येत नाही. हे मला ऑफर आल्यानंतर चार दिवसांनी कळलं. तोवर मी त्याला आनंदाची बातमी सांगून मोकळी झाले होते.

कोणी या वाटेने गेलं आहे का? काय केलंत? ऑफर नाकारावी का?

(माझी पार्श्वभूमी लागेल म्हणून: संगणकशास्त्रात बी.ई., एकूण बारा वर्षांचा अनुभव. याआधी २०१६ ते २०१८ दीड वर्ष दुसऱ्या कंपनीकडून अमेरिकेत होते, मग परत गेले.)

---

कोरीपाटी | ८ फेब्रुवारी २०२६

रानजाई, आधी तुमचं म्हणणं बरोबर आहे ते सांगतो, कारण अर्धवट माहितीवर यात बरेच जण फसतात.

नोव्हेंबर २०२१ पासून एल-१धारकाच्या जोडीदाराला वेगळ्या वर्क परमिटची गरज नाही. आय-९४ वर एल-२एस असं लिहिलेलं असतं आणि नोकरीसाठी तेवढा कागद पुरतो. एच-४ला असा हक्क नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून एच-४ ईएडी (काम करण्याचा परवाना) मिळतं, पण फक्त तेव्हाच, जेव्हा एच-१बीधारकाचा आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीनकार्डचा अर्ज) मंजूर झालेला असतो किंवा ग्रीनकार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला एच-१बीच्या कमाल सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असते. तुमचं आय-१४० अजून सुरूच झालेलं नाही. म्हणजे नवीन कंपनीने पहिल्या दिवशी पर्म (ग्रीनकार्डची पहिली पायरी, कामगार खात्याची मंजुरी) सुरू केलं तरी त्यात आधी प्रिव्हेलिंग वेजचे, म्हणजे त्या कामाचा प्रचलित पगार ठरवून घेण्याचे, काही महिने, मग जाहिराती आणि त्यानंतरचा ठरावीक थांबा, मग कामगार खात्याकडे अर्ज, तिथे वर्षाहून जास्त, आणि मग आय-१४०. त्यापुढे नवऱ्याच्या ईएडीचा अर्ज. दोन वर्षं धरून चाला.

आणखी एक. ३० ऑक्टोबर २०२५ पासून ईएडीच्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. म्हणजे एच-४ ईएडी हातात आलं तरी दर वेळी नूतनीकरण वेळेत झालं नाही तर नोकरीत खंड. एल-२एसला ही भीती नाही. तुमच्या घरात आज जे आहे ते सोडताना याचा हिशोब करा.

---

चांदणवेल | ८ फेब्रुवारी २०२६

माझ्या बाबतीत उलट होतं. नवरा एल-१एवर, मी एल-२वर काम करत होते. तो एच-१बीवर गेला आणि मी अडीच वर्षं घरी होते. पैशाची ओढाताण झाली, पण ती आज आठवतही नाही. सकाळी सगळे बाहेर पडले की घर एकदम शांत व्हायचं, ते आठवतं. आमचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, आज आमचं आय-१४० आहे आणि मी पुन्हा काम करते. पण निर्णय घेताना मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय, हे फार मोठं आहे. नवऱ्याला इथले प्रतिसाद वाचायला द्या.

---

उंबरठा | ९ फेब्रुवारी २०२६

रानजाई, तुमच्या पोस्टचा कंसातला शेवटचा भाग पुन्हा वाचला. २०१६ ते २०१८ तुम्ही कोणत्या व्हिसावर होतात?

---

रानजाई | ९ फेब्रुवारी २०२६

एच-१बी. ऑक्टोबर २०१६ ते मार्च २०१८. ती आयटी सेवा देणारी कंपनी होती. क्लायंटचं काम संपलं आणि मी परतले. का?

---

उंबरठा | ९ फेब्रुवारी २०२६

कारण मग तुम्हाला लॉटरीची गरज नाही!

दर वर्षी ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी जी मर्यादा आहे, त्यात माणूस एकदाच मोजला जातो. तुमची जुनी कंपनी विद्यापीठ किंवा संशोधन संस्था नव्हती, म्हणजे २०१६ मध्ये तुम्ही लॉटरीतूनच आलात आणि मोजल्या गेलात. सहा वर्षांतला जो काळ तुम्ही वापरला नाही तो शिल्लक आहे आणि त्यासाठी पुन्हा लॉटरीत उतरायची गरज नाही. नवीन कंपनी कोणत्याही महिन्यात पिटिशन (एच-१बीसाठी कंपनीचा अर्ज) भरू शकते, एप्रिल-ऑक्टोबरचं बंधन नाही. नवीन कंपनीच्या वकिलाला तुमचा जुना एच-१बी माहीत आहे का? बहुधा त्यांनी फक्त सध्याचा व्हिसा विचारला असेल.

आता शिल्लक किती ते पाहू. एल-१वर घालवलेले दिवसही या सहा वर्षांतूनच वजा होतात, हे फार लोक विसरतात. जुने १८ महिने. जानेवारी २०२४ पासून यंदाच्या १ ऑक्टोबरपर्यंत पावणेतेहेतीस महिने. एकूण ५१ च्या आसपास, म्हणजे ७२ मधले साधारण २१ महिने उरतात. शिवाय या काळात जेवढे पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर होतात तेवढे परत मिळवता येतात, त्याला रीकॅप्चर म्हणतात. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं आणि आय-९४च्या संकेतस्थळावरचा प्रवासाचा इतिहास काढून ठेवा.

जुनं आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) कुठे आहे? ते शोधा, आजच.

---

वाटाड्या | ९ फेब्रुवारी २०२६

पण त्या वर्षभराहून जास्त काळ अमेरिकेबाहेर होत्या ना? मग सहा वर्षं नव्याने नाही का मिळणार?

---

उंबरठा | ९ फेब्रुवारी २०२६

वाटाड्या, मिळतात, पण नवी सहा वर्षं हवी असतील तर नवीन लॉटरी. लॉटरी नको असेल तर जुन्यातली उरलेली. निवड माणसाने करायची.

---

रानजाई | १० फेब्रुवारी २०२६

काल रात्री हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तीन आठवडे मी आणि कंपनीच्या एचआरने फक्त लॉटरीबद्दल बोलण्यात घालवले. वकिलांनी पाठवलेल्या फॉर्ममध्ये 'मागचे व्हिसा' हा रकाना होता, मी त्यात फक्त एल-१बी लिहिलं होतं. २०१८ चं प्रकरण संपलं असं मनात पक्कं होतं.

आय-७९७ भारतात आईच्या कपाटात, जुन्या पासपोर्टच्या आत सापडलं. बहिणीने फोटो पाठवला. त्या वेळच्या पगाराच्या पावत्या इमेलमध्ये आहेत. बाहेरचे पूर्ण दिवस मोजले, ४७ भरले.

आता दोन प्रश्न. पहिला, मंजुरीची वाट न पाहता पिटिशन भरल्या भरल्या नवीन नोकरी सुरू करता येते असं एका मैत्रिणीने सांगितलं. ते मला लागू आहे का? दुसरा प्रश्न तोच, नवऱ्याचा.

---

कोरीपाटी | १० फेब्रुवारी २०२६

पहिल्याचं उत्तर: नाही. मैत्रीण सांगते ती सोय एच-१बीवरून एच-१बीवर जाणाऱ्याला आहे. २००० सालच्या कायद्यातली. तुम्ही पूर्वी एच-१बीवर होतात, पण आज एल-१बीवर आहात, त्यामुळे तुमच्यासाठी हा चेंज ऑफ स्टेटस (देशात राहूनच व्हिसाचा प्रकार बदलणं) आहे आणि तो मंजूर होऊन लागू झाल्याशिवाय नवीन कंपनीत एक दिवसही काम करायचं नाही. एल-१ त्या एका कंपनीशी बांधलेला असतो, त्यावर दुसरीकडे काम करताच येत नाही. प्रीमियम प्रोसेसिंग (जादा फी भरून लवकर निर्णय) घेतलं तर पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर येतं. त्याच्या आधी एलसीएला (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने भरायचा अर्ज) कामगार खात्याचे सात कामाचे दिवस धरा.

आणि जुन्या कंपनीत राजीनामा मंजुरीचा कागद हातात आल्यावरच द्या. आधी नाही. हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

---

सांजकिरण | १० फेब्रुवारी २०२६

कोरीपाटींनी शेवटी जे लिहिलं त्याला माझा अनुभव जोडते.

२०१९ मध्ये मी एल-१बीवर होते, लॉटरी लागली होती, चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पडून होता. जूनमध्ये वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मी त्याच रात्रीचं विमान पकडलं. वकिलांना दुसऱ्या दिवशी भारतातून कळवलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की चेंज ऑफ स्टेटसची विनंती सोडून दिली असं धरतात. पिटिशन जिवंत राहतं, पण मग वकिलातीत स्टॅम्पिंग करून यावं लागतं. मी ते केलं. नऊ आठवडे गेले, पण वडिलांजवळ राहता आलं.

आज हेच घडलं असतं तर? सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर देशाबाहेरच्या माणसासाठी भरलेल्या नवीन एच-१बी पिटिशनवर एक लाख डॉलरची रक्कम आहे. देशात राहून स्टेटस बदलणाऱ्याला ती लागत नाही, हे यूएससीआयएसने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. पण निर्णयाआधी देश सोडला आणि चेंज ऑफ स्टेटस नाकारला गेला तर ती लागते. ऐन वेळी कोणती कंपनी एवढे पैसे भरेल?

म्हणून रानजाई, अर्ज करण्याआधी घरच्या मोठ्या माणसांशी बोलून घ्या. त्या काही आठवड्यांत काहीही झालं तरी तुम्हाला निघता येणार नाही, हे त्यांना आणि भावंडांना माहीत असू द्या. प्रीमियम घ्या, म्हणजे ते आठवडे कमीत कमी राहतील.

---

वाटाड्या | १० फेब्रुवारी २०२६

आणि मंजुरीनंतरही भारतात जाण्याची घाई नको. स्टेटस बदललं तरी पासपोर्टवरचा शिक्का एल-१चाच राहतो, परत येताना एच-१बीचा शिक्का लागणार. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ दोघांचीही समाजमाध्यमांवरची खाती तपासली जात आहेत. त्यामुळे भारतातल्या कितीतरी लोकांच्या मुलाखती महिनोन्महिने पुढे गेल्या. माझ्या टीममधली दोघं अजून तिकडेच आहेत.

---

दूरदेशी | ११ फेब्रुवारी २०२६

मी ब्रिटनमध्ये आहे, त्यामुळे थोडंसं विषयांतर. इथेही कंपनीने बदली करून आणलेल्यांचा व्हिसा वेगळा आणि स्किल्ड वर्कर वेगळा. बदलीच्या व्हिसावरची वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी धरत नाहीत, म्हणून बरेच जण इथल्या इथे स्किल्ड वर्करवर जातात. नवा अर्ज मंजूर होईपर्यंत नवीन नोकरी सुरू करता येत नाही, तेही सारखंच. पण दोन्ही प्रकारांत जोडीदाराला काम करता येतं. तुमचा धागा वाचेपर्यंत हे किती मोलाचं आहे याची मला जाणीव नव्हती.

---

उंबरठा | ११ फेब्रुवारी २०२६

रानजाई, दुसऱ्या प्रश्नावर विचार केला. माझ्या मते तुम्ही दोघांनी आता तारखांकडे एकत्र बघायला हवं.

लॉटरीची गरज नवऱ्याला आहे. त्याच्या शाळेने, म्हणजे त्या स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), मार्चमध्ये त्याचं नाव नोंदवलं तर? नोंदणीचे २१५ डॉलर. शाळांना एच-१बीच्या फीमधला प्रशिक्षण निधीचा मोठा हिस्सा माफ असतो, हे त्यांना सांगा. तो एल-२वर असतानाची वर्षं त्याच्या सहा वर्षांतून वजा होत नाहीत, त्यामुळे त्याला पूर्ण सहा मिळतील.

नंबर लागला तर त्याचा एच-१बी १ ऑक्टोबरला सुरू होईल. तुमचं पिटिशन सहा महिने पुढची तारीख घालून भरता येतं. तुम्हीही १ ऑक्टोबर मागा. तोवर तुम्ही जुन्या कंपनीत एल-१बीवर काम करत राहाल, म्हणून त्याचं एल-२एस चालू राहील. ३० सप्टेंबरला दोघं जुन्या स्टेटसवर, १ ऑक्टोबरला दोघं नव्या. एक दिवसाचाही खंड नाही. मुलीसाठी मात्र आय-५३९ भरून एच-४ मागावं लागेल, तिचं स्टेटस तुमच्या अर्जासोबत आपोआप बदलत नाही. लहान मुलांचं हे राहून जातं आणि नंतर फार त्रास होतो.

यंदाच्या लॉटरीत एक बदल आहे. चिठ्ठ्या पगाराच्या पातळीवर आहेत. चौथ्या पातळीला चार चिठ्ठ्या, तिसरीला तीन, दुसरीला दोन, पहिलीला एक. शाळेतल्या शिक्षकाची पातळी सहसा खालची येईल. आशा ठेवा, पण तिच्यावर घर बांधू नका.

---

चांदणवेल | ११ फेब्रुवारी २०२६

हे किती छान मांडलंत उंबरठा. आमच्या वेळी तारखा अशा जुळवता येतात हे कोणी सांगितलं असतं तर.

रानजाई, शाळेला विचारायला नवऱ्याला संकोच वाटेल. मला माझ्या ऑफिसात वाटला होता. 'नवीन माणूस, आत्ताच लागलाय, आणि लगेच मागतोय' असं. तरी विचारायला सांगा.

---

रानजाई | २२ फेब्रुवारी २०२६

थोडक्यात कळवते.

नवऱ्याने मुख्याध्यापकांना सांगितलं. त्या लगेच हो म्हणाल्या, पण निर्णय डिस्ट्रिक्टच्या ऑफिसचा. तिथे आजवर कोणासाठी एच-१बी केलेलाच नाही. दोन बैठका झाल्या. गणिताचे शिक्षक मिळत नाहीत ही त्यांची अडचण आमच्या मदतीला आली आणि ते नोंदणीला तयार झाले. वकील आम्हीच सुचवला. फी मात्र डिस्ट्रिक्टच भरणार, ती त्याच्याकडून घेता येत नाही हे वकिलांनी त्यांना आधीच सांगितलं.

नवीन कंपनीच्या वकिलांनी माझं जुनं आय-७९७ पाहिलं आणि उंबरठांनी लिहिलं तेच म्हणाले. मग एचआरचा फोन आला, "छान! म्हणजे तुम्ही एप्रिलमध्ये येऊ शकता!" मी ऑक्टोबर म्हटल्यावर पलीकडे शांतता. लॉटरी असती तर हेच लोक ऑक्टोबरपर्यंत थांबणार होते. आता थांबण्याचं कारण माझं वैयक्तिक ठरतं. मॅनेजरशी बोलून कळवतो म्हणाले.

---

कोरीपाटी | २२ फेब्रुवारी २०२६

मॅनेजरला सगळं खरं सांगा. आणि बोलताना एक मागणी आणखी ठेवा, ती माझ्या मते तारखेपेक्षाही महत्त्वाची आहे. पर्म हे भविष्यातल्या नोकरीसाठी असतं. तुम्ही रुजू होण्याआधीही कंपनी ते सुरू करू शकते. प्रिव्हेलिंग वेजची मागणी आत्ता टाकली तर तुम्ही ऑक्टोबरला पोहोचेपर्यंत ते महिने सरलेले असतील.

तुमच्याकडे एच-१बीचा काळ कमी आहे, हे विसरू नका. २१ महिने आणि रीकॅप्चरचे ४७ दिवस, म्हणजे ऑगस्ट २०२८ चा मध्य. सहा वर्षांपुढे वाढ हवी असेल तर एकतर आय-१४० मंजूर हवं, नाहीतर सहावं वर्ष संपण्याच्या किमान ३६५ दिवस आधी पर्म दाखल झालेलं हवं. म्हणजे ऑगस्ट २०२७ च्या मध्यापर्यंत अर्ज आत गेलाच पाहिजे. 'ग्रीनकार्ड करू' असं तोंडी सांगणाऱ्या कंपन्या 'वर्षभर काम पाहू, मग बघू' असंही म्हणतात. ते वर्ष तुम्हाला परवडणारं नाही. ऑफर लेटरमध्ये पर्म कधी सुरू करणार ते लिहून घ्या.

---

वाटाड्या | २३ फेब्रुवारी २०२६

कोरीपाटींना पूर्ण अनुमोदन. माझ्या एका जुन्या कंपनीने तोंडी दिलेला शब्द दोन मॅनेजर बदलले तसा विरून गेला. मी पाच वर्षं संपायला चार महिने असताना दुसरी कंपनी शोधली. ते दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत.

---

रानजाई | २ एप्रिल २०२६

नवऱ्याचा नंबर लागला नाही. ३१ मार्चला संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग वकिलांचाच मेल आला.

तो शांत आहे. काल नेहमीसारखा शाळेत गेला, वह्या तपासायला घरी घेऊन आला. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

नवीन कंपनीचं असं आहे: मॅनेजरने १ ऑक्टोबर मान्य केलं. पर्म ऑफर स्वीकारल्यापासून तीस दिवसांत सुरू करू, असं पत्रात लिहून दिलं. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं, आणि तरी हातात पेन घेववत नाही. १ ऑक्टोबरला शाळा सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले असतील आणि त्याला वर्ग सोडावा लागेल. त्याने मला सांगितलं, "तू सही कर, मी दोन वर्षं मुलीला शिकवेन." तो हे मनापासून म्हणतोय हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त जड जातं.

उत्तर द्यायला १७ एप्रिलपर्यंत वेळ आहे.

---

सांजकिरण | २ एप्रिल २०२६

वाईट वाटलं वाचून. एक विचारू? ऑफर नाकारली तर २०२९ ला दोघांचीही इथली नोकरी संपणार आहे. स्वीकारली तर एकाची दोन-तीन वर्षं थांबणार आहे. मोजायचंच असेल तर हे दोन्ही समोरासमोर ठेवून मोजा. फक्त आजच्या शाळेकडे बघून नको. हे लिहिताना मलाही सोपं जात नाहीये.

---

चांदणवेल | ३ एप्रिल २०२६

आणि स्वीकारलीत तर त्याच्यासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. एच-४वर शिकता येतं. मी त्या अडीच वर्षांत शेवटचे आठ महिने कॉलेजात गेले, ते आधीच सुरू करायला हवं होतं.

---

उंबरठा | ३ एप्रिल २०२६

रानजाई, नवऱ्याच्या शाळेत विद्यापीठातले भावी शिक्षक सरावाला येतात का? त्याच्या वर्गात कोणी असतं का?

---

रानजाई | ३ एप्रिल २०२६

हो, या सत्रात एक मुलगी आहे. राज्य विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातली. आठवड्यातून तीन दिवस येते, त्याच्या हाताखाली शिकवते. दर सत्राला शाळेत अशा पाच-सहा जणी असतात. का?

---

उंबरठा | ३ एप्रिल २०२६

विद्यापीठं ६५,००० च्या मर्यादेबाहेर असतात, त्यांना लॉटरी नाही, वर्षभरात केव्हाही अर्ज. आणि विद्यापीठाशी लेखी करार करून त्याच्या शैक्षणिक कामात थेट हातभार लावणाऱ्या ना-नफा संस्थाही मर्यादेबाहेर बसू शकतात. भावी शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या करारावर काही स्कूल डिस्ट्रिक्टनी या वाटेने अर्ज केले आहेत. सगळ्यांचं बसत नाही. करारात नेमकं काय लिहिलं आहे, प्रशिक्षण हे शाळेच्या मुख्य कामांपैकी एक आहे हे दाखवता येतं का, डिस्ट्रिक्टचा कायदेशीर दर्जा काय, यावर सगळं अवलंबून. अर्ज परत येऊ शकतो, पुरावे मागणारं पत्र येऊ शकतं. पण तुमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत सहा महिने आहेत आणि डिस्ट्रिक्ट आधीच तयार झालेलं आहे. नेहमी इथेच घोडं अडतं.

नवऱ्याला सांगा, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विद्यापीठाबरोबरचा सामंजस्य करार असेल, त्याची प्रत मागा. वकिलांना विचारताना 'मर्यादेबाहेरचा अर्ज, संलग्न संस्था म्हणून' असं स्पष्ट विचारा, नाहीतर ते लॉटरी हुकली एवढंच सांगून फाईल बंद करतील.

अर्जाच्या काळात त्यानेही देश सोडायचा नाही. आणि पुढे त्याला मर्यादेतल्या एखाद्या खासगी कंपनीत जायचं झालं तर लॉटरी लागेलच, हेही लक्षात असू द्या. शाळेतच शिकवायचं असेल तर तो प्रश्न येत नाही.

---

कोरीपाटी | ४ एप्रिल २०२६

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रानजाई, करारात कालमर्यादा आणि सह्या कोणाच्या आहेत तेही बघा. मुदत संपलेला करार असेल तर आधी नूतनीकरण करून घ्यायला सांगा.

---

रानजाई | १५ एप्रिल २०२६

करार आहे. अकरा पानांचा, २०२३ मध्ये सही झालेला, पाच वर्षांचा. भावी शिक्षकांना वर्ग, मार्गदर्शक शिक्षक आणि मूल्यमापन पुरवण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टची, असं तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे. नवऱ्याचं नाव मार्गदर्शक शिक्षकांच्या यंदाच्या यादीत आहे. वकिलांनी कागद पाहून सांगितलं की अर्ज करण्यासारखा आहे, हमी देत नाही. डिस्ट्रिक्टची मंजुरी पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत. म्हणजे माझी मुदत आधी संपते.

काल रात्री आम्ही दोघांनी तारखांचा कागद समोर ठेवला. त्याचा अर्ज मेमध्ये गेला आणि नामंजूर झाला तरी ते आम्हाला ऑगस्टच्या आत कळेल. तोवर मी एल-१बीवरच आहे, राजीनामा दिलेला नाही, आणि माझं पिटिशन १ ऑक्टोबरचं. अगदीच नाही जमलं तर त्याने एच-४वर गणित शिक्षणात मास्टर्स करायचं, असं तोच म्हणाला. प्रवेशाची माहिती त्याने माझ्याआधी काढून ठेवली होती.

आज सकाळी सही करून ऑफर लेटर पाठवलं. पर्मच्या तीस दिवसांची मोजणी आजपासून.

मुलीच्या आय-५३९साठी लागणारा तिचा जन्मदाखला वकिलांना पाठवला आहे. उंबरठा, तो मराठीत आहे, भाषांतर नोटराइज्ड लागतं का?

---

उंबरठा | १५ एप्रिल २०२६

नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण असावं आणि ज्याने केलं त्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही करावी. तुम्ही स्वतः करू नका, ओळखीतल्या कोणाला तरी सांगा. मूळ दाखल्याची प्रतही सोबत जोडा.